हसवणारा माणूस भीती कुठून आणतो?

विनोदी नट पडद्यावर घाबरवतो कसा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सिनेमाच्या गप्पा अमेरिकी विनोदी नट रॉबिन विल्यम्सपाशी आल्या की हा प्रश्न हमखास येतो: 'मिसेस डाउटफायर'मध्ये पोट धरून हसायला लावणारा हा माणूस 'वन अवर फोटो'त इतका अंगावर कसा येतो? आणि प्रश्नाच्या पाठोपाठ उत्तरही येतं, की आतून तो दुःखी होताच, तेच पडद्यावर उतरलं असणार.

हे उत्तर मला मुळीच पटत नाही. तो गेला २०१४ साली. 'वन अवर फोटो' २००२ चा. शेवट ठाऊक झाला की आपण तो मागे नेऊन प्रत्येक जुन्या चेहऱ्यावर चिकटवतो आणि नटाची मेहनत खुशाल विसरतो. विल्यम्स न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामवंत कलासंस्थेत रीतसर अभिनय शिकलेला होता. काय करतोय हे त्याला पक्कं कळत होतं.

'वन अवर फोटो'तला त्याचा साय पॅरिशच बघा. मोठ्या दुकानातल्या काउंटरवर फोटोचे रोल धुऊन देणारा एकटा माणूस. एका कुटुंबाच्या फोटोंची जादा प्रत गुपचूप काढून घेतो, घरची भिंत त्यांनीच भरलेली. विल्यम्सने इथे नवीन काय आणलं? माझ्या मते काहीच नाही. समोरच्याला आपण आवडलोच पाहिजे, ही धडपड त्याच्या विनोदातही होती. इथे फक्त हशा काढून घेतलाय. साय आदबीने बोलतो, त्या घरातल्या मुलाला वाढदिवसाला कॅमेरा फुकट देतो. यात तक्रार करावी असं काय आहे? काहीच नाही, आणि म्हणूनच जीव घुसमटतो. विनोदी नट वाक्य टाकून जरा थांबतो, ती जागा प्रेक्षक हसून भरतात. सायही थांबतो, पण हसत कुणीच नाही. ते अवघडलेपण तसंच लोंबकळत राहतं.

मशीनमधून निघणाऱ्या फोटोंच्या रंगात जरासा फरक पडला म्हणून तो दुरुस्तीवाल्यावर उखडतो, तो प्रसंग आठवा. दुसऱ्या एखाद्या सिनेमात यावर थिएटर हशाने कोसळलं असतं, आणि त्यासाठी संवादही फारसे बदलावे लागले नसते.

त्याच वर्षीच्या ख्रिस्तोफर नोलनच्या 'इन्सोम्निया'त विल्यम्स खुनी आहे, आणि तो आधी ऐकू येतो, फोनवर. सूर्य न मावळणाऱ्या अलास्कात अल् पचिनोचा पोलीस झोपेवाचून खंगत चाललाय आणि खुनी मात्र समजावणीच्या सुरात बोलतोय. हा सूर ओळखीचा वाटतो ना? 'गुड विल हंटिंग'मधल्या मानसोपचारतज्ज्ञाचा आहे तो, ज्या भूमिकेने त्याला ऑस्कर दिलं. तिथे त्या सुराने एक पोरगा सावरला. इथे तोच सूर पोलिसाला पटवू बघतो की आपण दोघं सारखेच.

सगळ्याच विनोदी नटांना हे साधत नाही. 'द केबल गाय'मध्ये (१९९६) जिम कॅरीने आपला धिंगाणा जराही कमी केला नाही, त्यामुळे हसायचं की घाबरायचं हे बऱ्याच जणांना ठरवता आलं नाही. मला तो सिनेमा आवडतो, पण अर्धाच. स्टीव्ह कॅरेलला 'फॉक्सकॅचर'साठी (२०१४) ऑस्करचं नामांकन मिळालं. मला मात्र त्याचं ते भूमिकेसाठी चिकटवलेलं नकली नाक सारखं मध्ये येतं. (यावरून माझं लोकांशी वाजतं.) 'द ऑफिस' या विनोदी मालिकेतला त्याचा बॉसही माणसांच्या कौतुकासाठी असाच आसुसलेला होता, तेही उघड्या चेहऱ्याने. नाकाची गरज नव्हती.

आधी कुठला पाहू, असं विचाराल तर 'इन्सोम्निया'. त्यात पचिनो सोबतीला आहे, आणि विल्यम्स उशिरा येतो. 'वन अवर फोटो'त सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुम्ही त्याच्याच तावडीत असता.