सेन्सिटिव्हिटी 20

मे महिन्यातली सकाळ. दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात पुण्याहून फोन आला. "भाऊ, खळ्यातून पाण्याच्या मोटारीची केबल गेली. अलर्ट का नाही आला?"

मी "बघतो" म्हणालो. उत्तर मला ठाऊक होतं.

चोपडा तालुक्यातलं गाव, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. जुनं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, पुढे खळं, कडेला पत्र्याचं शेड, मागे केळी. घरात एकटी माय. मुलगा पुण्यात नोकरीला. मार्चमध्ये मीच तिथे चार कॅमेरे आणि खळ्याच्या फाटकावर एक सेन्सरवाला भोंगा बसवला होता. आठवड्याभरातच मुलाचा रडका फोन : रात्रीत 400 अलर्ट, झोप नाही, बायको चिडते. तेव्हा मी दुकानात बसूनच ॲपमध्ये शिरलो आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे हालचाल टिपायची संवेदनशीलता, 80 वरून 20 वर आणून ठेवली. दोन मिनिटांचं काम. अलर्ट थांबले. त्याने मला मनापासून धन्यवाद दिले, आणि मी ते घेतलेही.

दुपारी दुकानातल्या पोराला मोटारसायकलवर मागे बसवून गावी गेलो. ऊन म्हणजे भट्टी. रेकॉर्डिंग लावलं. रात्री 2 वाजून 17 मिनिटं : अंगावर चादर, कमरेत वाकलेला एक जण भिंतीच्या कडेकडेने येतो, केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकतो, आला तसा जातो. चित्र स्वच्छ. चौघांतल्या एकाही कॅमेऱ्याने हूं की चूं केलं नव्हतं.

माय माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "तुन्हा डोया मांजरले चोर म्हणस, आनि चोर उना तं गप बसस."

याच्यावर काय बोलणार? रात्री तिथेच मुक्काम करायचं ठरवलं.

साध्या कॅमेऱ्याला चोर कळत नसतो. मघाचं चित्र आणि आत्ताचं चित्र, यांत किती ठिपके बदलले, एवढंच तो मोजतो. वाऱ्याने केळीचं पान हाललं, ठिपके बदलले. रस्त्यावर केळीचा ट्रक वळला, हेडलाइटचा झोत भिंतीवरून सरकला, सगळंच चित्र बदललं. सेन्सिटिव्हिटी खाली आणली की तो लहान बदल सोडून देतो. पण खळ्याच्या टोकाला अंधारात वाकून चालणारा माणूस हासुद्धा चित्रात लहानच बदल असतो. भिंगाजवळचं चिलट त्याच्यापेक्षा मोठं दिसतं.

अंधार पडल्यावर खाटेवर बसून मोबाइलवर एकेक कॅमेरा पाहत गेलो. शेडवरच्या कॅमेऱ्यात पांढऱ्या दोऱ्या नाचत होत्या. शिडी लावून वर गेलो तर भिंगाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात. 850 नॅनोमीटरचा तो उजेड आपल्याला जेमतेम लालसर ठिपक्यासारखा दिसतो, पण भिंगापासून चार बोटांवर असलेला तंतू त्यात ट्यूबलाइटसारखा चमकतो. जाळं आज झाडलं तर आठवड्यात परत येणार. म्हणून त्या कॅमेऱ्याचे दिवे बंदच केले आणि इन्फ्रारेडचा वेगळा दिवा सहा फूट लांब, शेडच्या खांबावर लावला. आता कोळ्याने दिव्यापाशी हवा तेवढा संसार मांडावा.

भोंग्याची गोष्ट वेगळी. माय म्हणाली, तो भर दुपारी उगाच बोंबलतो. त्यातला सेन्सर चित्र बघत नाही, उष्णतेतला फरक बघतो : मागची भिंत थंड, पुढून गरम माणूस सरकला, की भोंगा. पण मी तो बसवला होता तापलेल्या पत्र्याच्या समोर. पत्र्याकडून गरम झोत आला की त्याला माणूसच आल्यासारखं वाटे. उलट संध्याकाळी आठला मी स्वतः त्याच्यासमोरून तीन वेळा गेलो, भोंगा गप्प. दिवसभर भाजलेली भिंत तेव्हा माझ्या अंगाइतकीच गरम होती, मग फरक येणार कुठून? खानदेशात उन्हाळ्यात या सेन्सरवर एकट्यावर भिस्त ठेवू नये, हे मला बारा वर्षं या धंद्यात काढून त्या ओट्यावर कळलं. तो पत्र्यापासून हलवून फाटकाच्या आतल्या बाजूला आडवा लावला. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो.

मग कॅमेरे. रस्ता आणि केळी दिसणारा भाग खुणा करून वगळला. एक कॅमेरा मी धाब्याच्या कडेला चौदा फुटांवर ठोकला होता, कारण तिथे ड्रिल सोपं पडलं. तिथून माणसाचं नुसतं डोकं दिसे. तो नऊ फुटांवर आणला. 'फक्त माणूस' ओळखायची सोय रेकॉर्डरमध्ये होतीच, ती चालू केली आणि पोराला चालायला लावलं. अलर्ट आला. मी खूश.

इतक्यात माय डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन गोठ्याकडे गेली. अलर्ट नाही. परत आली, पुन्हा गेली, तरी नाही. वाकलेलं शरीर, वर कडबा : कॅमेऱ्याच्या लेखी तो माणूसच नव्हता. मग पोराच्या अंगावर चादर टाकली, त्या रेकॉर्डिंगसारखं भिंतीच्या कडेने वाकून जायला सांगितलं. तोही सुटला.

त्या क्षणी पोटात गोळा आला. मी परत तेच करून निघालो होतो, फक्त या वेळी जरा शहाण्या सेटिंगने.

शेवटी जागा वाटून घेतल्या. ओट्यावर आणि खळ्याच्या मध्यावर 'फक्त माणूस'. फाटक आणि मागच्या भिंतीलगत मात्र रात्री 11 ते 5 कसलीही निवड नाही : मांजरापेक्षा मोठं काहीही चित्रात आखलेली रेघ ओलांडून आलं की अलर्ट. पोराला चादरीत, गोणीत, रांगत, दोन वाजेपर्यंत फिरवलं. माय हसून हसून थकली. पहाटे तिने कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला.

आता रात्री सहा-सात अलर्ट जातात. त्यांतले दोन शेजाऱ्याच्या वासराचे, ते काही बंद होणार नाहीत. मुलाला मी तसं स्पष्ट सांगितलं. केबल सापडली नाही. नवीन केबलचे अर्धे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता.

दुकानात परतल्यावर वही काढली. फोनवरून 20 करून दिलेली आणखी अकरा घरं निघाली. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन अडावदपासून सुरुवात केली.