रेवसच्या गाळात चार तास: डेप्थ फाइंडर बसवणाऱ्यांसाठी

अपोलो बंदरावरून मांडव्यापर्यंतचा टप्पा सुरळीत पार पडला. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते रेवसपाशी, धरमतर खाडीच्या तोंडाशी घडले त्याविषयी. तिथे नवा डेप्थ फाइंडर, म्हणजे सेन्सरमधून ध्वनी सोडून पाण्याची खोली मोजणारे यंत्र, १.४ मीटर दाखवत असताना आमची होडी गाळात रुतली.

होडी सात मीटरची, शिडाची, फायबरची. तिची कील, म्हणजे तळाखाली उतरलेला उभा कणा, पाण्याखाली १.३ मीटर जाते. बसवणाऱ्याने ‘दिसेल तेवढे पाणी कीलखाली आहे’ असे छातीठोकपणे सांगितले होते आणि आम्ही ते पडताळले नाही. प्रत्यक्षात सेन्सर पाण्याच्या पातळीखाली जितका आहे, ते ३० सेंटिमीटर त्याने आकड्यात मिळवले होते, म्हणजे पडद्यावर पाण्याची एकूण खोली येत होती. कीलखालचे पाणी हवे असेल तर काही न मिळवता सेन्सरच्या मूळ आकड्यातून सेन्सरपासून कीलच्या तळापर्यंतचे अंतर, आमच्याकडे एक मीटर, वजा करावे लागते. १.९, १.६, १.४ असे आकडे उतरत गेले तरी आम्ही निर्धास्त होतो. मग होडी जागीच थांबली. उधाणाचे दिवस होते आणि ओहोटी संपायला दोन तास बाकी होते. पाणी ओसरले तशी होडी कुशीवर कलली, कील उघडी पडली आणि तिच्याभोवती निवटे फिरू लागले. पाणी पुन्हा तेवढे चढेपर्यंत चार तास गेले.

सेन्सरसाठी तळाला भोक पाडणे अनिवार्य आहे असे सांगून आमच्याकडून अठरा हजार रुपये मजुरी घेतली गेली, ही उघड लूट आहे. तळ भरीव फायबरचा असेल तर सेन्सर आतून इपॉक्सीने चिकटवता येतो. मात्र थरात हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मध्ये फोम, बाल्सा किंवा लाकूड असेल तर हा मार्ग सोडावा. चिकटवण्यापूर्वी पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी त्या जागी ठेवून सेन्सर तिच्यात बुडवून धरावा. आकडा स्थिर राहिला तरच जागा पक्की करावी. होडीच्या मागच्या फळीवर सेन्सर मुळीच लावू नये, कारण शिडांखाली होडी कलली की तो पाण्याबाहेर येतो.

निघण्यापूर्वी, शक्यतो तळ कठीण असेल अशा ठिकाणी, शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने पाणी मोजून आकडा ताडून पाहावा. खाडीत दोरी जास्त खोली दाखवील, कारण २०० किलोहर्ट्झचा ध्वनी मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. शिवाय हे यंत्र होडीखालचे पाणी सांगते, पुढचे नाही. रेवसपाशी चढत्या पाण्यातच शिरावे, म्हणजे रुतलात तरी भरती होडी उचलेल.