नावे ओळखीची, गाव अनोळखी

तीन महिन्यांच्या प्रवासासाठी पाठीवर अकरा किलोची सॅक घेऊन मी मुंबईहून बँकॉकला उतरले, तेव्हा विमानतळाच्या पाटीवरचे ‘सुवर्णभूमी’ हे नाव वाचून मला उगीचच आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. तो दिलासा शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या फलाटावर येईपर्यंतच टिकला. तिथल्या उद्घोषणेत पुनःपुन्हा ‘सुवन्नफूम’ असे काहीतरी ऐकू येत होते आणि ते ह्याच विमानतळाचे नाव आहे, हे कळायला मला बराच वेळ लागला.

थाई भाषेत संस्कृत आणि पाली शब्दांचा भरणा आहे, हे मी निघण्यापूर्वी वाचले होते. पण ते शब्द कानांना ओळखू येत नाहीत, हे कुणी सांगितले नव्हते. शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘र’चा उच्चार तिथे ‘न’ होतो, ‘ग’चा ‘ख’ होतो आणि ‘द’चा ‘थ’. त्यामुळे नगराचे ‘नखोन’ होते, अमर ‘अमोन’ होतो आणि देव ‘थेप’. बँकॉकला तिथली माणसे ‘क्रुंग थेप’ म्हणतात, म्हणजे देवांची नगरी. १७८२ मध्ये राजधानी झालेल्या ह्या शहराचे औपचारिक नाव इतके लांबलचक आहे की त्यात इंद्र येतो, अयोध्या येते आणि शहर बांधणारा विश्वकर्माही येतो. हे एकदा उमगल्यावर मी रस्त्याने चालताना पाट्यांवरच्या रोमन अक्षरांतले ‘न’ मनातल्या मनात ‘र’ करून पाहू लागले. निम्म्या वेळा तर्क चुकत असे, तरी हा नाद काही सुटला नाही.

खरी कसोटी जेवणाची होती. मी शाकाहारी आहे आणि शाकाहाराला थाई भाषेत ‘मंगसविरत’ म्हणतात, हे कळल्यावर मला फार आनंद झाला, कारण मांस आणि विरती हे दोन्ही शब्द आपल्या घरातलेच. पहिल्या संध्याकाळी मी एका गाडीवर हा शब्द मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारला. बाईंनी मान डोलावली, कढईतल्या भाज्यांत मांसाचा तुकडाही टाकला नाही आणि शेवटी बाटलीतून माशांचा सॉस मात्र सढळ हाताने ओतला. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्यांच्या लेखी तो मासा नव्हता, मीठ होते. दुसऱ्या दिवशी होस्टेलमधल्या मुलीने मला ‘जे’ हा शब्द शिकवला. पिवळ्या पताकेवर लाल रंगात लिहिलेली ही दोन अक्षरे लांबून इंग्रजी सतरासारखी दिसतात. ती जिथे असतात तिथे मांस नाही, माशांचा सॉस नाही आणि कांदा-लसूणही नाही. चिनी परंपरेतून आलेल्या ह्या खाद्यपद्धतीने मला थेट आजीच्या चातुर्मासात नेऊन बसवले, जे ‘मांसविरती’ला काही जमले नव्हते.

मधला एक दिवस ‘वाट फो’ ह्या बँकॉकमधल्या बौद्ध विहारात गेला. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे आणि त्याच्या तळव्यांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ मंगलचिन्हे आहेत. पण मला आठवतो तो त्याच्या पाठीमागे ओळीने मांडलेल्या १०८ वाडग्यांत पडणाऱ्या नाण्यांचा अखंड किणकिणाट.

चौथ्या दिवशी हुआ लाम्फोंग स्थानकावरून तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसून मी अयुथयाला आले. तिकीट अगदीच थोड्या बाहतचे, खिडक्या उघड्या आणि पंखे गरगरणारे. थाई भाषेत रेल्वेला ‘रोत फाइ’ म्हणतात; ‘रोत’ म्हणजे रथ आणि ‘फाइ’ म्हणजे आग. आपली आगगाडी, जशीच्या तशी! सॅक स्टेशनच्या सामानघरात ठेवून, होडीने नदी ओलांडून मी भाड्याच्या सायकलवर दिवसभर भग्न विहारांतून हिंडले. अयोध्येच्या नावाने वसलेली ही राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळली, आणि त्यानंतर ती पुन्हा राजधानी झाली नाही. वाट महाथातमध्ये, म्हणजे महाधातूच्या विहारात, झाडाच्या मुळांनी कवटाळलेले बुद्धाचे मस्तक आहे. छायाचित्र काढताना आपले डोके त्याच्याहून वर असू नये, म्हणून सगळे खाली बसतात. मीही बसले, आणि उठताना गुडघ्यांनी गेल्या चार दिवसांतल्या सॅकचा हिशेब मांडला.

त्या सॅकमध्ये आईने आग्रहाने दिलेली एक किलो भाजणी आहे. बँकॉकच्या होस्टेलात फक्त किटली आणि मायक्रोवेव्ह होता, त्यामुळे थालीपिठाचा प्रश्नच आला नाही. मेतकुटाची पुडी मात्र उपयोगी पडली. संध्याकाळी चियांग माईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहताना मी स्टेशनसमोरून ‘खाओ प्लाओ’, म्हणजे नुसता गरम भात, घेतला, त्यावर मेतकूट आणि मीठ कालवले आणि फलाटावरच्या बाकावर बसून जेवले. शेजारच्या आजींनी डब्यात वाकून पाहिले आणि काहीतरी विचारले. मी सुचले ते ‘आहान’ एवढेच म्हटले, म्हणजे आहार. त्या खळखळून हसल्या. भाजणी अजून तशीच आहे; चियांग माईच्या होस्टेलात गॅसची शेगडी आहे, असे तिथल्यांनी कळवले आहे.