सपाट भिंग

गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत वाचता येईना. चष्मा घरातच कुठेतरी होता, पण तो शोधायलाही चष्मा लागतो. खणात चाचपडताना जुन्या पंचांगातून बाबांचं भिंग खाली पडलं. भिंग कसलं, पत्त्याच्या पानाएवढी प्लॅस्टिकची पट्टी. विम्याच्या एजंटानं एका दिवाळीत कॅलेंडरच्या गुंडाळीबरोबर दिलेली. तिच्यावरून नख ओढलं की ग्रामोफोनच्या तबकडीसारखं खर्र वाजतं.

बाबांचं सगळं वाचन शेवटी या पट्टीवर आलं होतं. वीजबिल, लग्नपत्रिका, एकादशी कधी आहे ते. पट्टी आधी कागदाला टेकवायची, मग हळूहळू वर उचलत न्यायची. अक्षर फुगायचं आणि कडेला जरा धुरकटायचं. "एवढ्याशा पापुद्र्यात भिंग मावतं कसं?" हे त्यांनी मला निदान दहा वेळा विचारलं असेल. मी दहाही वेळा "मोबाइलवर बघून सांगतो" म्हणालो.

आता बघून ठेवलंय. प्रकाश वळतो तो काचेत शिरताना आणि बाहेर पडताना. मधला सगळा गर नुसताच वजनाला. तो काढून टाका, उतार तेवढे ठेवा आणि एकात एक कड्यांमध्ये सपाट मांडा. ओगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच माणसानं तसं भिंग दीपगृहासाठी घडवलं. नोकरी सरकारी रस्ते बांधायची, डोकं मात्र कायम प्रकाशात. फ्रान्समध्ये जिरोंद खाडीच्या मुखाशी कोर्दुआँचं दीपगृह आहे, तिथे १८२३ मध्ये त्याचं पहिलं भिंग लागलं. चार वर्षांनी तो क्षयानं गेला. वय ३९.

कोकणातल्या एका दीपगृहात बाबाच मला घेऊन गेले होते. गोल जिना, पितळ घासायच्या पावडरीचा वास, आणि वर माझ्याहून उंच काचेचा पिंजरा, मधोमध कापलेल्या कांद्यासारखा कडी कडी. आणि एवढ्या वर येऊन बघतो तर चारी बाजूंनी पडदे ओढलेले! समुद्र दिसायचा म्हणून तर मी पायऱ्या चढलो होतो. रखवालदार म्हणाला, "दिवसा पडदे लावायचेच. नाहीतर ऊन उलटं आत शिरतं नि आमचा दिवाच जाळतं." रात्री वीस-पंचवीस मैल उजेड फेकणारी काच दिवसा अशी झाकून ठेवावी लागते, याची मला तेव्हा फार गंमत वाटली होती.

पुढे हौशी नाटकांत हेच भिंग पुन्हा भेटलं. आमचा लाइटवाला "फ्रेनल मार रे" असं ओरडायचा आणि मला ते कंपनीचं नाव वाटायचं. आतला दिवा भिंगाजवळ सरकवला की झोत पसरतो, मागे नेला की आवळतो. त्याच्या उजेडाला धारदार कड नसते, तो कडेला विरघळत जातो. ठरलेल्या जागेपासून हातभर लांब उभं राहायची मला खोड. फ्रेनलनं ती किती प्रयोग झाकली, देव जाणे. दुसऱ्या स्पॉटनं पहिल्याच अंकात चव्हाट्यावर आणली असती.

ऑफिसच्या स्वच्छतागृहात हात हलवल्यावर दिवा लावणारी ती पांढरी, खाचाखाचांची घुमटीही याच घराण्यातली. कधीकधी आत बसल्या बसल्या तिला नमस्कार करावा लागतो, ते सोडा.

तर गोळ्या. पाकीट घेऊन खिडकीशी गेलो, पट्टी धरली. आकडे फुगू लागले. २०२ पर्यंत आलं, पुढचा आकडा चंदेरी कागदाच्या चमकेत बुडालेला. तेवढ्यात उन्हाचा एक ठिपका अंगठ्यावर येऊन बसला. बाजरीच्या दाण्याएवढा, पांढराशुभ्र. छान दिसत होता म्हणून बघत राहिलो आणि चटका बसला तसा हात मागे घेतला.

पट्टी पंचांगात ठेवली आणि पडदा ओढला.