एप्रिल ते सप्टेंबर: पुण्यात दोन ह्युमिडॉर आणि ६५ टक्के

ह्युमिडॉर म्हणजे सिगार ठरावीक आर्द्रतेत जपून ठेवायची पेटी. या सहा महिन्यांच्या नोंदी एकत्र मांडतोय. पेट्या दोन आहेत. एक टेबलावरची लाकडी, आतून स्पॅनिश सिडार या सुवासिक लाकडाचं अस्तर, विकताना पन्नास सिगारची म्हणून विकतात पण खरं तर पस्तीस-चाळीसच नीट मावतात. आतली जागा साधारण पाच लिटर. दुसरा प्लॅस्टिकचा डबा, चारी बाजूंनी क्लिपा आणि झाकणाला सिलिकॉनची कड. बाहेरची हवा या काळात दोन्ही टोकं गाठते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी ९० च्या घरात असते.

ह्युमिडॉरबद्दलचं बहुतेक लिखाण थंड देशांतलं आहे. तिकडे हिवाळ्यात घर तापवलं की आतली हवा कोरडी पडते, त्यामुळे सगळा सल्ला पेटीत ओल कशी घालायची याचा. आपल्याकडे वर्षातले चार महिने ओल बाहेर कशी ठेवायची हा प्रश्न असतो. ७० टक्के आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २१ सेल्सिअस, हा जुना नियम सगळ्यांना पाठ आहे. पण घरात चोवीस तास एसी नसेल तर ते २१ अंश आपल्याला थंडीतच भेटतात. २८-३० अंशांना ७० टक्के ठेवलं आणि उपकरण चार-पाच टक्क्यांनी कमी दाखवत असलं, तर आपण नकळत ७५ ला पोचलेले असतो, आणि तिथून पुढे बुरशीला जोर येतो. म्हणून माझं लक्ष्य ६५. क्यूबन सिगार ६२ ला ठेवतो. माझ्या अनुभवात त्यांचा ड्रॉ, म्हणजे धूर ओढताना हवा किती सहज येते ते, तिथे जास्त मोकळा लागतो.

एप्रिल

सुरुवात हायग्रोमीटरपासून, म्हणजे आर्द्रता मोजायच्या उपकरणापासून. साधं मीठ बाटलीच्या झाकणात घ्यायचं, त्यावर डिस्टिल्ड पाण्याचे थोडे थेंब. मीठ पूर्ण भिजलं पाहिजे, पण विरघळून पाणी व्हायला नको. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत एक दिवस-रात्र ठेवायचे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा २० अंशांना ७५.५ टक्के, २५ ला ७५.३ आणि ३० ला ७५.१ असते. तापमान दहा अंशांनी बदललं तरी आकडा अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो, म्हणून ही तपासणी कोणत्याही ऋतूत, कोणत्याही खोलीत करता येते. माझ्याकडच्या तीन डिजिटल हायग्रोमीटरनी एकाच पिशवीत ७१, ७४ आणि ७८ दाखवले. प्रत्येकाचा फरक पट्टीवर लिहून पाठीला चिकटवलाय. लाकडी पेटीच्या दर्शनी भागात बसवलेल्या पितळी काट्यावर तर कुणीच विसंबू नये असं माझं ठाम मत आहे.

नवी लाकडी पेटी मुरवायला ८४ टक्क्यांची पाकिटं (पेटीतली आर्द्रता त्या आकड्यावर आणणारी) दोन आठवडे आत ठेवली. ओल्या फडक्याने आतलं लाकूड पुसण्याची जुनी रीत मला पटत नाही. रेषा उठतात आणि पातळ फळ्या वाकतात. मग ६५ टक्क्यांची ६० ग्रॅमची दोन पाकिटं घातली. ही पाकिटं बनवणाऱ्या बोव्हेडा कंपनीचा हिशेब पंचवीस सिगारमागे एक पाकीट असा आहे. या पाकिटातही तत्त्व मिठाच्या तपासणीचंच आहे: क्षारांचं संपृक्त द्रावण, आणि बाहेरून असा पापुद्रा ज्यातून वाफ जाते पण पाणी गळत नाही. पेटी कोरडी पडली तर पाकीट वाफ सोडतं, दमट झाली तर ओढून घेतं. स्पंज आणि पाणी हे एकाच दिशेने काम करतं, म्हणून पावसाळ्यात ते मी पेटीबाहेरच ठेवतो.

मे

या महिन्यातली नोंद मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. शाळेतलं विज्ञान सांगतं, हवा तापली की सापेक्ष आर्द्रता उतरते. खोली सकाळी २७ आणि दुपारी ३३ अंश व्हायची, पण बंद लाकडी पेटीतला आकडा दुपारी खाली न येता एक-दोन टक्के वर जायचा. बाहेरून ओल येण्याचा प्रश्नच नव्हता, बाहेर तर सगळं करपत होतं.

कारण आकडेमोडीत सापडतं. २७ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २५.८ ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. ६५ टक्के म्हणजे १६.८ ग्रॅम. पाच लिटरच्या पेटीत ती भरते ०.०८ ग्रॅम. आता रोबुस्तो आकाराची एक सिगार धरा, साधारण ११-१२ ग्रॅमची. त्यात बारा-तेरा टक्के पाणी. पस्तीस सिगार म्हणजे पन्नासेक ग्रॅम पाणी, शिवाय लाकडात मुरलेलं वेगळं. पानात असलेलं पाणी हवेतल्या पाण्याच्या सहाशेपट आहे. तापमान वाढलं की पान आणि लाकूड जराशी ओल सोडतात, आणि तेवढीशी हवा भरून काढायला ती पुरून उरते. संग्रहालयातल्या लाकूड-कापड भरलेल्या बंद काचपेट्यांतही असंच घडतं. पेटीतली हवा पानाच्या मागे मागे चालते.

हे एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच सवयी बदलतात. दुपारी आकडा दोनने चढला म्हणून पाकीट काढणं, रात्री उतरला म्हणून परत घालणं, हे सगळं बंद. हायग्रोमीटर हवेचा आकडा सांगतो आणि आपल्याला सांभाळायचंय पान. पानाची खबर घ्यायची तर वजन करावं लागतं.

जून

सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा आणला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. तीन सिगारना कागदी चिठ्ठ्या बांधून त्या ‘साक्षीदार’ ठरवल्या, त्या ओढायच्या नाहीत. दर रविवारी त्यांचं वजन, आणि सोबत प्रत्येक पाकिटाचंही. काटा दर वेळी एकाच वजनाने तपासून घेतो. लाकडी पेटीतल्या पहिल्या साक्षीदाराचं जूनच्या सुरुवातीचं वजन ११.४२ ग्रॅम.

पाकिटाचं वजन करण्याची कल्पना मी प्रत्येकाला सुचवेन. पेटीत हायग्रोमीटर ६५ च दाखवत राहतो, कारण पाकीट आपलं काम करत असतं. पण ते काम किती पडतंय हे फक्त वजनात दिसतं. पावसाळ्यात पाकीट आठवड्याला किती ग्रॅमने जड झालं, तोच तुमच्या पेटीच्या गळतीचा आकडा.

जुलै

पाऊस लागला आणि फरक लगेच दिसला. लाकडी पेटीतली पाकिटं मिळून आठवड्याला सरासरी दीड ग्रॅम घेऊ लागली. प्लॅस्टिकच्या डब्यातली जेमतेम ०.१. महिनाअखेर लाकडी पेटीतला साक्षीदार ११.५५ वर गेला, आणि बोटांनी हलकं दाबल्यावर ती सिगार इतरांपेक्षा मऊ लागत होती, पापडाच्या डब्याचं झाकण सैल राहिल्यावर पापड लागतो तशी. हायग्रोमीटर त्या दिवशी ६७ दाखवत होता. नुसतं त्यावर पाहिलं असतं तर काळजीचं कारण दिसलं नसतं.

झाकण उघडल्यामुळे ओल शिरते असं बरेच जण म्हणतात. हिशेब करून पाहा. बाहेर २७ अंश आणि ८८ टक्के, आत ६५. पेटीतली सगळी हवा बदलली तरी आत येते जादा ०.०३ ग्रॅम वाफ, पाण्याचा एक थेंबही नाही. रोज एकदा उघडून सिगार निवडायला, वास घ्यायला अजिबात हरकत नाही. दीड ग्रॅम येतात ते बंद झाकणाच्या फटीतून, रात्रंदिवस.

फट शोधायला दोन उपाय केले. अंधाऱ्या खोलीत पेटीत टॉर्च ठेवून झाकण बंद केलं. मागच्या बिजागऱ्यांपाशी उजेडाची बारीक रेघ दिसली. मग कागदाची पट्टी झाकणाखाली धरून चारी बाजूंनी ओढून पाहिली. पुढे अडकली, मागे डावीकडे सुळकन निघाली.

ऑगस्ट

त्या मागच्या कडेला वास नसलेली, अगदी पातळ सिलिकॉनची पट्टी चिकटवली. फोमची पट्टी बाजारात सहज मिळते, पण तिच्या गोंदाचा वास सिडारवर मात करतो, म्हणून ती टाळली. पाकिटांची वाढ दीड ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमवर आली. पेटी बाहेरच्या भिंतीच्या कपाटातून काढून घराच्या आतल्या भिंतीशी, खालच्या फळीवर आणली. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब आणि उन्हाळ्यात पश्चिमेच्या उन्हापासूनही. महिनाअखेर साक्षीदार ११.४६.

पाणी पिऊन टम्म झालेली पाकिटं फेकायची नाहीत. एसी चालू असलेल्या खोलीत उघड्यावर ठेवली की काही दिवसांत मूळ वजनावर येतात. काटा हाताशी असल्यामुळे कधी थांबायचं तेही कळतं. साधं सिलिका जेल मात्र मी सिगारसोबत ठेवत नाही. त्याला ६५ ला थांबणं माहीत नसतं, ते ओढतच राहतं, आणि रॅपर, म्हणजे सिगारचं सर्वांत बाहेरचं पान, आधी चिरतो. निळं जेल तर नकोच, त्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं.

किड्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या हवेत हा धोका बुरशीइतकाच खरा आहे. तंबाखूचा भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्न, त्याची अंडी पानातच आलेली असू शकतात आणि साधारण २४ अंशांच्या वर ती उबायची शक्यता वाढत जाते. पुण्यात मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत घर त्याच्या सोयीचं असतं. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि खाली बारीक भुकटी ही त्याची खूण. हाच किडा साठवलेली हळकुंडं पोखरतो, मिरची-धणेही सोडत नाही. हळदीच्या व्यापारात त्याची चांगलीच ओळख आहे. म्हणून ह्युमिडॉर मसाल्याच्या कपाटाजवळ ठेवू नये असं मी आग्रहाने सांगेन. नवीन आलेली प्रत्येक सिगार मी दोन झिप पिशव्यांत घालून आधी फ्रिजमध्ये एक दिवस, मग फ्रीझरमध्ये उणे १८ ला काही दिवस, परत फ्रिजमध्ये एक दिवस आणि मग खोलीच्या हवेत, अशी पायरी-पायरीने फिरवतो. पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर थंड पानावर दव धरतं.

सिगारवरच्या पांढऱ्या भुकटीला ‘ब्लूम’, म्हणजे पान छान मुरल्याची खूण, म्हणून कौतुकाने पाहणारे मित्र आहेत. ती बुरशीही असू शकते, आणि पावसाळ्यात मी तो धोका घेत नाही. लोकरीसारखं, ठिपक्याठिपक्यांत किंवा पेटवायच्या टोकाला दिसलं की ती सिगार बाजूला, शेजारच्या तपासायच्या आणि पेटी रिकामी करून सुकवायची.

लाकडाबद्दल

प्लॅस्टिकच्या डब्याला सिडारचा वास आणि ओल धरायची ताकद कुठून द्यायची, यावर सध्या काम चालू आहे. स्पॅनिश सिडार म्हणजे सेड्रेला ओडोराटा, मध्य-दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियनमधलं झाड, कडुनिंब आणि महॉगनीच्या कुळातलं. देवदाराशी त्याचं नातं नाही, आणि देवदाराच्या तेलाचा उग्र वास सिगारमध्ये उतरतो, त्यामुळे ‘सिडार’ एवढंच ऐकून फळ्या घेऊ नका. आपल्याकडचं तून हे झाड मात्र स्पॅनिश सिडारचं जवळचं नातलग. पूर्वी त्याचं शास्त्रीय नाव सेड्रेला तूना असंच होतं, आणि सिगारच्या पेट्यांसाठीही ते वापरलं गेलंय. ओळखीच्या सुताराकडून त्याच्या पातळ, रंधलेल्या, पॉलिश न केलेल्या पट्ट्या करून घेतल्या. वास सिडारपेक्षा सौम्य आहे पण गोड आहे. डब्यात घालण्याआधी त्या वेगळ्या पिशवीत ६५ च्या पाकिटासोबत मुरवतोय. वजन दोन रविवार सारखं आलं की आत जातील.

सप्टेंबरअखेर

लाकडी पेटी ६५, साक्षीदार ११.४४. डबा ६५, त्यातला साक्षीदार जूनपासून ०.०१ च्या पलीकडे हललेला नाही. लांब मुदतीच्या सगळ्या सिगार डब्यात हलवल्या. लाकडी पेटीत महिन्याभरात ओढायच्या तेवढ्याच.

ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की दिशा उलटेल आणि पाकिटं हलकी होऊ लागतील. त्याच मापाने, त्याच फटीतून आता ओल बाहेर किती जाते ते मोजायचंय. मुंबई-रत्नागिरीकडे कुणी पाकिटांची वजनं घेत असेल तर जुलैचा आठवड्याचा आकडा आणि पेटीचा आकार जरूर कळवा. समुद्राकाठी बारा महिने हवा दमट असते, तिथे लाकडी पेटी नुसत्या पाकिटांवर तग धरते का, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.