घरच्या लग्नाचा फोटोग्राफर

धाकट्या बहिणीचे लग्न सांगलीजवळच्या हरिपूरला घरच्या अंगणातच, पन्नासच्या आत माणसांत करायचे ठरले, तेव्हा आचारी, मांडववाले आणि भटजी चटकन ठरले. वेळ लागला तो फोटोग्राफर ठरवायला. सांगलीत चांगले फोटोग्राफर पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची पॅकेजे मोठ्या मंगल कार्यालयातल्या लग्नासाठी बेतलेली असतात: पारंपरिक फोटोला एक, कँडिडला एक, व्हिडिओला दोघे आणि वर ड्रोन. घरच्या अंगणात एवढी माणसे वधूवरांभोवती उभी राहिली, तर मुलीच्या मामालाच मागून टाचा उंचावून बघावे लागेल. ड्रोनच्या घरघरीत मंगलाष्टके ऐकू येत नाहीत, हे तर मी अनेक लग्नांत अनुभवले आहे. म्हणून आम्ही एकच फोटोग्राफर आणि त्याच्या हाताखाली एक मदतनीस, एवढेच घ्यायचे ठरवले.

माणूस निवडताना इन्स्टाग्रामवरची निवडक चित्रे पाहून निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ज्याच्याकडे जाल त्याला कोणत्याही एका घरगुती लग्नाचे सगळे फोटो, सकाळच्या घाण्यापासून पाठवणीपर्यंत, दाखवायला सांगावे. वीस उत्तम फोटो कोणत्याही मोठ्या समारंभातून निघतात. परंतु अंधाऱ्या माजघरात देवक बसताना काय टिपले, जेवणाची पंगत कशी आली, कोपऱ्यात बसलेल्या वृद्ध माणसांकडे कॅमेरा वळला की नाही, हे सलग पाहिल्यावरच कळते. लहान लग्नात आलेला प्रत्येक माणूस जवळचाच असतो आणि त्यातला एकही फोटोतून सुटला, तर ते कायमचे लक्षात राहते.

घरातला उजेड हा स्वतंत्र विषय आहे. कार्यालयाच्या पांढऱ्या छतावर फ्लॅश मारला की उजेड पसरून मऊ होऊन खाली येतो. आमच्यासारख्या जुन्या घराच्या काळपट लाकडी तुळयांवरून तो परत येत नाही आणि अंगणात तर वर छतच नसते. मग फ्लॅश थेट चेहऱ्यावर मारला जातो, कपाळे चकाकतात आणि मागचे सगळे काळे पडते. अशा जागी एफ १.८ सारखे मोठ्या छिद्राचे ३५ किंवा ५० मिलिमीटरचे लेन्स आणि खिडकीचा उजेड वापरण्याची सवय असलेला माणूस लागतो. आम्ही ज्याला ठरवले, तो आदल्या दिवशी नेमक्या मुहूर्ताच्या वेळी घरी आला, अंगणात हाताचा तळवा उन्हाकडे धरून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘ताई, मांडवाचे लाल-पिवळे कापड बदलता येईल का? दुपारी सगळ्यांचे चेहरे लाल दिसतील.’’ मांडववाल्यांनी संध्याकाळपर्यंत पांढरे कापड लावून दिले. त्या एका वाक्यानेच आमची निवड योग्य असल्याची खात्री पटली.

हळदीच्या वेळीही असाच प्रश्न येतो. सगळीकडे पिवळाच रंग दिसला की कॅमेरा आपोआप तो कमी करायला जातो आणि कातडी निळसर, आजारी दिसू लागते. हरिपूरसारख्या, एके काळी जमिनीखाली हळद साठवण्याच्या पेवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात ओढूनताणून फिकट केलेली हळद कोणाला चालेल? रंगाचा समतोल हाताने ठरवणार का, हे आधीच विचारलेले बरे.

विधींची माहिती असणे मला कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षाही महत्त्वाचे वाटते. शेवटच्या ‘सावधान’नंतर अंतरपाट एका क्षणात दूर होतो, तेव्हा सगळ्यांचे हात अक्षतांसाठी वर असतात, आधीपासून योग्य बाजूला उभा नसलेल्याला तिथे केवळ लोकांच्या हातांची कोपरे मिळतात. लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालणारा भाऊ आणि त्यानंतरची कानपिळी हे तर घरच्या लग्नातले सर्वांत हसरे क्षण असतात. सप्तपदीच्या वेळी मात्र अनेकदा कॅमेरा बाहेर पाहुण्यांच्या ग्रुप फोटोत अडकलेला असतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार, ज्या विवाहात सप्तपदीचा विधी असतो तो विवाह सातव्या पावलाला पूर्ण होतो, तेव्हा तो क्षण चुकवणे मला तरी पटत नाही. आम्ही भटजी आणि फोटोग्राफर यांची आदल्या दिवशी गाठ घालून दिली आणि नात्यांची एक यादी कागदावर लिहून दिली: आजीसोबत तिच्या दोन्ही बहिणी, थोरल्या आत्यासोबत सगळी भाचरे. जोडीचे फोटो कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराच्या देवळाजवळ सकाळी लवकर घेतले, त्यासाठी वेगळे प्री-वेडिंग केले नाही.

व्यवहार लेखी करावा. लग्नसराईत एका तारखेला अनेक मुहूर्त असतात, म्हणून स्वतः येणार की सहायकाला पाठवणार, हे नावानिशी लिहून घ्यावे. किती तास, किती फोटो, कधी मिळणार, आणि फोटो एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर उतरणार का, हेही लिहावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, फोटोग्राफर नव्हे, पैसे देणारा असतो. पण छापील पावतीच्या मागे उलट अट असू शकते, ती वाचल्याशिवाय सही करू नये. बहिणीचे फोटो जाहिरातीसाठी वापरायचे झाल्यास तिला विचारावे, हे आम्ही एका ओळीत लिहून घेतले आणि त्यानेही आनंदाने मान्य केले.

प्रतींचा आग्रह मी विशेष धरला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, त्या पुरात आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम भिजला. पाने एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना आईचा शालू आणि वडिलांचा फेटा कागदावरून निघून आला. निगेटिव्हही उरल्या नव्हत्या. म्हणून आता एक हार्ड डिस्क घरी, एक पुण्याच्या काकांकडे आणि तिसरी प्रत क्लाउडवर आहे.

विवाह नोंदणीच्या अर्जासोबत लग्नाचा फोटो आणि पत्रिका सहसा मागतात. अल्बम तयार होण्यास काही महिने जातात, तेव्हा वधूवर स्पष्ट दिसणारे, हार घातलेले दोन-तीन फोटो पहिल्याच आठवड्यात छापून द्यावेत, असे इसार देतानाच सांगून ठेवावे.