अळवाचे पान आणि साबण

भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातलीच आपली एक. 1972 साली मी चौथीत होतो. मागच्या विहिरीच्या कडेला अळवाचे रान माजलेले असे.

एका पावसाळी दिवशी मास्तरांनी मला अळवाचे पान आणायला पिटाळले. ‘अळवावरचे पाणी’ शिकवायचे होते. मी वात्रटपणा केला. विहिरीवर कुणी विसरलेली साबणाची वडी पानावर चांगली घासली. मास्तरांनी पाणी ओतले, तर थेंब घरंगळायच्या ऐवजी पानभर पसरला. पोरे हसली, मी छडीसाठी हात पुढे केला. मास्तर पान उलटसुलट करीत म्हणाले, “कितें लायलें रे हाका?” मग सगळ्या वर्गाला त्यांनी साबणाचे नि बिनसाबणाचे पान करून बघायला लावले. व्याकरणाचा तास त्यातच गेला.

पुढे पणजीला मांडवीकाठच्या जुन्या इमारतीत गोवा मेडिकल कॉलेज, मग मुंबईत युरॉलॉजी. गावात माझे नाव ‘मुताचो दोतोर’ पडले ते कायमचे. मूत्राशयाच्या कर्करोगाचे रुग्ण खूप पाहिले. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बी.सी.जी.चा वण असतो ना, तीच लस मूत्राशयात सोडली तर हा कर्करोग रोखता येतो, हे अल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये कॅनडात दाखवले. पण काहींना ती लागू पडत नाही. मग मूत्राशयच काढायचे. ते काढून काढून कंटाळलो आणि परदेशी जनुकोपचाराच्या प्रयोगशाळेत शिरलो.

सर्दीचा अ‍ॅडेनोव्हायरस घ्यायचा, वाढण्याची त्याची शक्ती काढायची, त्यात इंटरफेरॉनचे, म्हणजे रोगाशी लढायला शरीर बनवते त्या प्रथिनाचे, जनुक बसवायचे. मग पेशीच ते औषध बनवतात. कागदावर सोपे. 1999 मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा अशाच विषाणूच्या चाचणीत दगावला आणि या क्षेत्रातल्या सगळ्यांचेच हातपाय गळाले. त्याला तो यकृताच्या रक्तवाहिनीतून दिला होता. मूत्राशय म्हणजे पिशवी: नळीने भरायची, तासाभराने रिकामी करायची. त्यामुळे आम्हाला थोडा धीर होता.

पण उंदरांच्या मूत्राशयात घातलेला विषाणू जसाच्या तसा लघवीतून बाहेर! आतले अस्तर काही चिकटूच देत नाही. लघवी अंगात झिरपू नये म्हणून निसर्गानेच तशी सोय केलेली. दीड वर्ष वाया गेले. शेवटी इतरांच्या वाटेने आम्हीही साबणाच्या जातीचा एक पदार्थ त्यात मिसळला. पुढच्या खेपेला सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराच्या पेशी निळ्या दिसल्या, म्हणजे खुणेसाठी घातलेले, पेशी निळी करणारे जनुक आत गेले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

याच तत्त्वावरच्या नॅडोफॅराजीन या औषधाला डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आमचे नव्हे, हे सांगितलेले बरे. तीन महिन्यांतून एकदा देतात. तासभर रुग्ण दर पंधरा मिनिटांनी कूस बदलत पडून राहतो. बी.सी.जी. न लागलेल्या 98 जणांच्या चाचणीत निम्म्यांचा कर्करोग दिसेनासा झाला. उरलेल्या निम्म्यांचे काय, हा प्रश्न अजून आहेच.

2003 च्या गणेशचवथीला घरी आलो तेव्हा मास्तरांकडे गेलो. ते घरापुढच्या बाल्कांवात बसले होते. उंदीर, विषाणू, अस्तर सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“ती वडी,” ते म्हणाले, “माझ्या बायलेची होती.”